कानांतील नाद
गर्भारपणातील औषधोपचार आणि कर्णनाद

रोग्याचा ताप तापमापकाने मोजता येतो, रक्तदाब मोजण्यास यंत्र आहे, फुफ्फुसावरील डाग क्ष-किरणांच्या चित्रात दिसतो. परंतु कानात अखंड शिट्टी वाजत आहे, रातकिडे किरकिरत आहेत किंवा शंख फुंकल्यासारखा घोष चालू आहे, असे रुग्णाने सांगितले, तर ते पडताळून पाहण्यास वैद्याजवळ बहुधा कोणतेच साधन नसते. तो आवाज ज्याच्या कानात असतो त्यालाच ऐकू येतो. या विकारास कर्णनाद असे म्हणतात. आपल्याकडील वैद्यांना तो फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णरोगांची जी गणना केली आहे, तीत बाधिर्याहून निराळे असे प्रणाद आणि क्ष्वेड हे दोन विकार सांगितले आहेत. कानात आपोआप उमटणाऱ्या ध्वनींचेच ते दोन प्रकार होत.

गरोदर स्त्रीने ही तक्रार केली, तर तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो. अशक्तपणा आला असेल, दिवस गेले की असे व्हायचेच, बाळंतपणानंतर सर्व ठीक होईल, असे सांगून घरातील वडीलधारी माणसे तिची समजूत घालतात. कित्येकदा ते खरेही ठरते. परंतु ज्या स्त्रीला गर्भारपणी क्षयरोग, हिवताप किंवा रक्तातील जंतुसंसर्ग यांसारख्या गंभीर आजारावर औषधे घ्यावी लागली आहेत, तिच्या बाबतीत कानातील हा नाद औषधाने आंतरकर्णावर केलेल्या आघाताची पहिली सूचना असू शकतो. ती सूचना देणारे यंत्र त्या स्त्रीच्या शब्दांवाचून दुसरे नाही. ते शब्द वेळीच ऐकले गेले, तर पुढची हानी पुष्कळदा टळते. न ऐकले गेले, तर नाद वाढत जातो आणि त्याच्याबरोबर जगण्याचा प्रश्न उभा राहतो. या दोन्ही गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

कानाच्या आतील रचना

कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकल्या हाडांची साखळी असते आणि त्या साखळीच्या पलीकडे, कवटीच्या अत्यंत कठीण हाडात, गोगलगायीच्या शंखाप्रमाणे वेटोळी असलेली एक नलिका असते. तिला कर्णशंबुक म्हणतात. ती उलगडून सरळ केली तर तिची लांबी सुमारे 35 मिलिमीटर भरेल. तिच्यात द्रव भरलेला असून त्या द्रवात एका पातळ पटलावर सुमारे 15,000 रोमपेशी ओळीने मांडलेल्या असतात. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म रोमांचा झुबका असतो. बाहेरून आलेल्या ध्वनीने द्रवात लहर उठली की हे रोम वाकतात, त्यांच्या टोकांशी असलेली सूक्ष्म द्वारे उघडतात आणि पेशीत विद्युत्‌भारित कण शिरतात. ध्वनीचे रूपांतर विद्युत्‌संकेतात होते ते या ठिकाणी. तेथून श्रवणतंतूंच्या द्वारे तो संकेत मेंदूकडे जातो.

या पेशींची मांडणी वाद्याच्या पट्ट्यांप्रमाणे असते. नलिकेच्या तळाशी असलेल्या पेशी उंच, तीव्र स्वर टिपतात, तर टोकाकडील पेशी खालचे, जाड स्वर टिपतात. निरोगी तरुण माणसाचा कान सेकंदास सुमारे 20 ते 20,000 कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू शकतो. ध्वनीमुळे कर्णशंबुकातील पटलावर लहरी कशा धावतात हे ज्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले, त्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना 1961 मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या पेशींच्या संबंधात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी झिजल्या तर त्यांच्या जागी नव्या येतात. पक्ष्यांच्या आंतरकर्णातही नष्ट झालेल्या रोमपेशी पुन्हा उगवतात, हे 1980 नंतरच्या दशकात सिद्ध झाले. मनुष्यात मात्र एकदा मेलेल्या रोमपेशीची जागा नवी पेशी घेत नाही. म्हणून कानाच्या बाबतीत हानी होऊ न देणे हाच सर्वांत श्रेयस्कर मार्ग ठरतो.

प्राण वाचविणारे औषध आणि कान

1943 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अल्बर्ट शॅट्‌झ या तरुण संशोधकाने मातीतील एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक मिळविले. तोपर्यंत क्षयरोगाच्या जंतूंवर थेट आघात करणारे परिणामकारक औषध मनुष्याजवळ नव्हते. 1944 च्या अखेरीस मिनेसोटा राज्यातील एका आरोग्यधामात मृत्यूच्या दारात असलेल्या 21 वर्षांच्या एका तरुणीला हे औषध देण्यात आले. ती बरी झाली, पुढे तिचा विवाह झाला आणि ती मुलांची आई झाली. 1948 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्या सुप्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सहा महिन्यांच्या अखेरीस औषध दिलेल्या 55 रुग्णांपैकी 4 दगावले होते, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या 52 रुग्णांपैकी 14 दगावले होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पिंपरी येथील सरकारी कारखाना 1954 मध्ये स्थापन झाला. तेथे आधी पेनिसिलिन व नंतर स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. या औषधाने भारतातही असंख्य क्षयरुग्णांना जीवदान दिले.

परंतु पहिल्या काही वर्षांतच या औषधाची दुसरी बाजू उघड झाली. कित्येक रुग्णांना चक्कर येऊ लागली, अंधारात तोल सावरेना, काहींच्या कानात नाद सुरू झाला आणि काहींची श्रवणशक्ती मंदावली. स्ट्रेप्टोमायसिनच्या रचनेत थोडा फेरफार करून 1946 मध्ये तयार केलेले डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन तर श्रवणाला अधिकच घातक ठरले. 1957 मध्ये जपानमध्ये शोधण्यात आलेले कॅनामायसिन आणि त्यानंतरची जेंटामायसिन, अमिकासिन ही याच कुळातील औषधे. त्यांपैकी काही प्रामुख्याने तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला इजा करतात, काही श्रवणेंद्रियाला.

ही इजा कशी होते, याचे ज्ञान अलीकडच्या काळात बरेच स्पष्ट झाले आहे. रोमपेशींची जी सूक्ष्म द्वारे ध्वनीमुळे उघडतात, त्याच द्वारांतून औषधाचे रेणू पेशीत शिरतात. आत गेलेले औषध सहजासहजी बाहेर पडत नाही. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांच्या कार्यात ते अडथळा आणते, घातक ऑक्सिजन-संयुगे निर्माण होतात आणि पेशी मरते. सर्वांत आधी बळी पडतात त्या नलिकेच्या तळाच्या, अर्थात अतिउंच स्वर टिपणाऱ्या पेशी. मनुष्याचे बोलणे त्याहून खालच्या स्वरांत चालत असल्यामुळे रुग्णाला आरंभी ऐकण्यात काहीच उणेपणा जाणवत नाही. नेहमीची श्रवणपरीक्षा सेकंदास 8,000 कंपनांपर्यंतच केली जाते. त्यामुळे तीही निर्दोष येऊ शकते. कानात बारीक शिट्टी मात्र वाजू लागलेली असते.

सर्वच औषधांचा परिणाम असा कायमचा नसतो. हिवतापावरील क्विनाइन मोठ्या मात्रेत घेतल्यास कानात घणघण सुरू होते, ऐकू कमी येते. मात्र औषध थांबल्यावर बहुधा हा त्रास ओसरतो. ॲस्पिरिनचेही तसेच आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. गर्भारपणी रक्तदाबाचा धोका असलेल्या स्त्रियांना वैद्य जे अल्पमात्रेतील ॲस्पिरिन देतात, ते साधारणतः दिवसास 75 ते 150 मिलिग्रॅम इतकेच असते. कानाला त्रास देणारी मात्रा याच्या कितीतरी पट असते. म्हणून कानाच्या भीतीने ते औषध सोडणे योग्य नव्हे.

गर्भारपणाचे वेगळेपण

गर्भारपणी औषधोपचार करताना वैद्याला दोन जिवांचा विचार करावा लागतो. उपचार पुढे ढकलता येत नाही, कारण उपचाराविना राहिलेला क्षयरोग किंवा हिवताप माता आणि गर्भ या दोघांनाही औषधाहून अधिक घातक असतो. उलट, मातेच्या रक्तातील औषध वारेतून गर्भाकडे जाऊ शकते. स्ट्रेप्टोमायसिन असे जाते, आणि ज्या मातांना गर्भारपणी ते देण्यात आले त्यांच्या काही मुलांच्या आंतरकर्णाला इजा झाल्याचे 1950 व 1960 च्या दशकांत निदर्शनास आले. म्हणूनच गरोदर स्त्रीला स्ट्रेप्टोमायसिन देऊ नये, असा दंडक पडला. क्षयरोगावरील नेहमीच्या उपचारातील आयसोनिआझिड, रिफॅम्पिसिन, एथॅम्ब्युटॉल ही तोंडाने घ्यावयाची औषधे कानाला अशी इजा करीत नाहीत आणि गर्भारपणी ती देता येतात. हिवतापाच्या बाबतीतही असाच पालट झाला. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत पूर्वी क्विनाइनवर भिस्त ठेवावी लागे. साध्या फॅल्सिपॅरम हिवतापासाठी त्या काळातही आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन ही जोडी वापरावी, अशी शिफारस 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केली.

गर्भावस्थेमुळे होणारे शरीरातील बदलही कर्णनादाला कारण होऊ शकतात. या काळात शरीरातील रक्ताचे आकारमान सुमारे 40 ते 50 टक्क्यांनी वाढते. शरीरात पाणी साठते, नाक व घशाचे अस्तर सुजते, आणि आपल्या देशातील बहुसंख्य स्त्रियांच्या बाबतीत त्यात रक्तक्षयाची भर पडते. त्यामुळे औषध न घेताही कित्येकींना कानात घूं घूं आवाज किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर उमटणारा धपधप ध्वनी ऐकू येतो. रक्तक्षय भरून निघाला किंवा प्रसूती झाली की तो बहुधा नाहीसा होतो. वैद्याला या दोन प्रकारांत फरक करावा लागतो. आवाज केव्हा सुरू झाला, औषधाच्या कितव्या दिवशी, एका कानात की दोन्ही कानांत, उंच शिट्टीसारखा की नाडीच्या तालावर, ही माहिती त्या कामी येते. रुग्ण स्त्रीने ती एका कागदावर टिपून ठेवावी.

आणखी एक कारण आनुवंशिक आहे. काही कुटुंबांत स्ट्रेप्टोमायसिनच्या कुळातील औषधाच्या थोड्याशा टोचण्यांनीही बहिरेपण येते. तंतुकणिकांतील आनुवंशिक द्रव्यात झालेला एक लहानसा बदल याच्या मुळाशी आहे, हे 1993 मध्ये उघड झाले. तंतुकणिका अपत्याला केवळ मातेकडून मिळतात. म्हणून आई, मावशी, मामा, आजी यांपैकी कोणाला इंजेक्शनांनंतर बहिरेपण आले असेल, तर उपचारापूर्वीच ते वैद्याला सांगावे.

पहिल्या सूचनेचे महत्त्व

उपचार चालू असताना कानात नाद सुरू झाला किंवा आधीचा नाद वाढला, तर त्याच दिवशी उपचार करणाऱ्या वैद्याला कळवावे. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. क्षयरोगाचे औषध मध्येच सोडले तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि मग अधिक कठोर औषधे घ्यावी लागतात. वैद्याजवळ मात्र पुष्कळ मार्ग असतात. तो कानाला निरुपद्रवी असलेले दुसरे औषध देऊ शकतो, मात्रा कमी करू शकतो, रक्तातील औषधाचे प्रमाण तपासू शकतो. या कुळातील औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडांची तपासणी करणेही अगत्याचे असते. मूत्र वाढविणारी काही औषधे जोडीला दिल्यास कानाचा धोका वाढतो. श्रवणपरीक्षा उपचारापूर्वी एकदा झालेली असेल तर नंतरच्या परीक्षेशी तुलना करता येते. म्हणून जेथे सोय असेल तेथे ती आधीच करून घ्यावी, आणि 8,000 कंपनांच्या वरच्या स्वरांचीही परीक्षा होऊ शकत असेल तर करावी.

काही लक्षणे मात्र तातडीची होत. गर्भारपणाच्या उत्तरार्धात कानातील आवाजाबरोबर तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज किंवा पोटाच्या वरच्या भागात वेदना असेल, तर रक्तदाब फार वाढल्याचा संशय घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. एका कानाने अकस्मात ऐकू येईनासे झाले, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तरीही विलंब करू नये.

उपचार संपल्यावर नाद का वाढतो?

औषध थांबले, रोग बरा झाला, मूल सुखरूप जन्मले आणि तरीही कानातील आवाज वाढतच गेला, असा अनुभव कित्येक स्त्रियांना येतो. रोग आत कोठेतरी पुन्हा बळावत आहे किंवा मेंदूला काही झाले आहे, अशी भीती त्यामुळे त्यांना वाटू लागते. या वाढीची कारणे समजून घेतली तर ती भीती पुष्कळशी ओसरते.

पहिले कारण औषधाचेच आहे. रक्तातील औषध काही तासांत उतरते. आंतरकर्णात मात्र ते कित्येक आठवडे रेंगाळते. त्यामुळे इजा उपचारानंतरही काही काळ चालू राहू शकते. म्हणून उपचार संपल्यानंतरच्या महिन्यांतही श्रवणपरीक्षा पुन्हा करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

दुसरे कारण मेंदूच्या कार्यात आहे. उंच स्वरांच्या पेशी नष्ट झाल्या की मेंदूच्या त्या भागाकडे संकेत येणे थांबते. दूरच्या केंद्राचा कार्यक्रम नीट ऐकू आला नाही म्हणजे आपण रेडिओची कळ फिरवून आवाज वाढवितो. तेव्हा कार्यक्रमाबरोबर खरखरही वाढते. मेंदूही येणाऱ्या दुर्बल संकेतांची भरपाई करण्यासाठी आपली संवेदनक्षमता वाढवितो आणि मज्जापेशींची स्वाभाविक चलबिचल त्याला नादाच्या रूपाने ऐकू येऊ लागते. नाद कानात वाटत असला तरी तो पुष्कळसा मेंदूत घडत असतो, असे आज बहुतेक संशोधक मानतात. हा वेडाचा प्रकार नव्हे. जेथे बोलणे किंवा आज्ञा ऐकू येतात ते विकार निराळे.

अशी चलबिचल निरोगी माणसातही असते. 1953 मध्ये हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ज्यांची श्रवणशक्ती उत्तम होती अशा 80 माणसांना ध्वनिरोधक खोलीत थोडा वेळ बसविले आणि काय ऐकू येते ते लिहावयास सांगितले. त्यांतील 94 टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, घूं घूं असे काही ना काही ध्वनी नोंदविले. नीरव शांततेत जवळजवळ प्रत्येकाचा मेंदू असे ध्वनी ऐकतो. जिचा कान दुखावला आहे तिला ते मोठ्याने ऐकू येतात, एवढाच भेद.

तिसरे कारण लक्ष आणि भय यांचे आहे. घरातील घड्याळाची टिकटिक आपल्याला दिवसभर ऐकू येत नाही, कारण ती निरुपद्रवी आहे असे मेंदूने ठरविलेले असते. परंतु एखाद्या ध्वनीला त्याने धोका मानले, की तो त्यावर सतत पहारा ठेवतो. मग ध्वनी मोठा वाटतो, झोप उडते, थकव्याने मन हळवे होते आणि ध्वनी आणखी मोठा वाटतो. नव्या बाळंतिणीला रात्रभर जागावे लागते, शरीर क्षीण झालेले असते, मुलाच्या कानाला काही झाले नसेल ना ही चिंता असते. त्यामुळे हे चक्र तिच्या बाबतीत लवकर फिरू लागते. अशा वेळी वाढलेला नाद म्हणजे प्रत्येक वेळी कानाची नवी हानी असे समजण्याचे कारण नाही. श्रवणपरीक्षा स्थिर असेल तर हानी थांबलेली आहे, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

नादासह जीवन

हा नाद समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने 2014 मध्ये या विषयावर मार्गदर्शिका काढली. तीत जिंकोची पाने, जस्त, किंवा मनोविकारांवरील औषधे केवळ कर्णनादासाठी देऊ नयेत, असे म्हटले आहे. जाहिरातींतील थेंब व गोळ्या यांवर पैसा खर्च करण्यापूर्वी, विशेषतः अंगावर पाजणाऱ्या मातेने, हे ध्यानात घ्यावे. तथापि नादाचा जाच कमी करण्याचे उपाय निश्चित आहेत.

त्यांतील सर्वांत सोपा उपाय ध्वनीचाच आहे. पॅरिस येथील वैद्य झां मार्क गास्पार इतार यांनी 1821 मध्ये कर्णरोगांवरील आपल्या ग्रंथात कर्णनादाच्या रुग्णांना बाहेरच्या ध्वनीचा आधार घेण्यास सांगितले होते. चुलीतील ओल्या लाकडांचा फुसफुसाट किंवा पडणाऱ्या पाण्याचा आवाज निजण्याच्या खोलीत असावा, अशी त्यांची सूचना होती. तिच्यामागील तत्त्व आजही तेच आहे. काळोखात दिवा एकटा असला तर डोळ्यांत भरतो, उजेडात त्याच्याकडे लक्ष जात नाही. पंख्याचा एकसुरी आवाज, मंद लावलेला रेडिओ, पावसाच्या ध्वनीचे मुद्रण यांपैकी काहीही चालेल. तो आवाज नादाला संपूर्ण झाकून टाकण्याइतका मोठा नसावा. नाद त्यात थोडासा मिसळून जावा इतकाच असावा, म्हणजे मेंदूला त्याची सवय होत जाते. तान्हे मूल जवळ असल्याने ध्वनी हळूच ठेवावा व त्याचे साधन पाळण्यापासून दूर असावे.

येथे आपल्याकडील एका रूढीचा विचार करणे प्राप्त आहे. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिचे कान फडक्याने बांधण्याची व कानात कापसाचे बोळे घालण्याची पद्धत देशाच्या अनेक भागांत आहे. तिच्यामागे माया असते. परंतु जिला कर्णनाद आहे तिचे कान असे बंद केले की बाहेरचा ध्वनी तुटतो आणि आतला नाद एकदम मोठा होतो. अशा स्त्रीने डोक्यावर पदर किंवा रुमाल घ्यावा आणि कान मोकळे ठेवावेत. कानात कोमट तेल घालणेही टाळावे. उलटपक्षी, लग्नातील बँड, ध्वनिक्षेपक, फटाके यांच्या कर्कश आवाजापासून दुखावलेल्या कानांना जपले पाहिजे. अशा ठिकाणी तेवढ्यापुरते कान झाकणे योग्यच होय.

श्रवणशक्ती कमी झाली असेल तर श्रवणयंत्र लावण्यात संकोच मानू नये. यंत्रामुळे बाहेरचे ध्वनी मेंदूपर्यंत पुन्हा पोहोचू लागतात आणि नाद पुष्कळदा मागे सरतो. जाच फार असेल तर विचार व वर्तन यांना वळण लावणारी मानसोपचार-पद्धती उपयोगी पडते. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेऊन 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत या पद्धतीने कर्णनादाचा जाच कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. तीत नादाचा जोर कमी करण्याचा प्रयत्न नसतो. ‘हा आवाज मला वेड लावील’, ‘मला पुन्हा कधी झोप येणार नाही’ अशा विचारांची रुग्णाबरोबर शांतपणे तपासणी केली जाते आणि टाळलेली कामे हळूहळू पुन्हा सुरू केली जातात.

घरच्या माणसांचे साहाय्य याहून कमी मोलाचे नाही. सासू, जाऊ, नणंद किंवा पती यांपैकी कोणी रात्रीची एक पाळी घेऊन बाळंतिणीला चार-पाच तास सलग झोप मिळवून दिली, तर नादाचा जाच पुष्कळ हलका होतो. तिची तक्रार खरी मानणे हेही साहाय्यच होय. ती वारंवार रडत असेल, मुलाकडे बघवत नाही म्हणत असेल किंवा जगणे नको असे बोलत असेल, तर ते कानाचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. बाळंतपणानंतरचे नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार आहे. 2022 मध्ये भारत सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा 14416 हा दूरध्वनी क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो. श्रवणासंबंधीच्या मार्गदर्शनासाठी जिल्हा रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभागांखेरीज म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि 1983 मध्ये स्थापन झालेली मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांचे साहाय्य घेता येते.

मुलाची श्रवणपरीक्षा

मातेला औषधाने इजा झाली असेल तर मुलाच्या श्रवणाची परीक्षा अवश्य करून घ्यावी. प्रौढाच्या कर्णनादाला त्याच्या शब्दाखेरीज पुरावा नसतो, आणि तान्ह्या मुलाला तर शब्दच नसतात. परंतु येथे विज्ञानाने एक सोय करून ठेवली आहे. निरोगी कर्णशंबुकाला बाहेरून ध्वनी दिला की ते स्वतः अत्यंत क्षीण ध्वनी परत पाठविते, असा शोध 1978 मध्ये इंग्लंडमध्ये डेव्हिड केम्प यांनी लावला. कानात लहानशी बोंडी बसवून हा प्रतिध्वनी निजलेल्या मुलाच्या बाबतीतही काही मिनिटांत टिपता येतो. पहिल्या महिन्यात ही परीक्षा, दोष वाटल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ, असा क्रम ठरलेला आहे. भारतात 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे. परीक्षा निर्दोष आली तर मातेच्या मनावरील मोठे ओझे उतरते. दोष आढळला तरी लवकर लावलेल्या श्रवणयंत्राने मूल बोलावयास शिकते. कोणत्याही परिस्थितीत मातेने स्वतःला दोष देऊ नये. तिने घेतलेल्या औषधामुळेच ती आणि तिचे मूल वाचले, हे विसरता कामा नये.

उपचारांतील पालट

भारतात क्षयरोगाचा उपचार दुसऱ्यांदा घ्यावा लागणाऱ्या रुग्णांना अनेक वर्षे दोन महिने स्ट्रेप्टोमायसिन टोचले जाई. गरोदर स्त्रियांना मात्र ते वगळले जाई. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोगणती दिली जात, आणि त्यांपैकी बऱ्याच रुग्णांना कर्णनाद व बहिरेपण यांसह जगावे लागले. हे रुग्ण आपली तक्रार करीत राहिले, श्रवणतज्ज्ञांनी त्यांच्या परीक्षा केल्या आणि आकडे जमत गेले. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेने अशा रुग्णांसाठी इंजेक्शनांऐवजी बेडाक्विलिन या तोंडाने घ्यावयाच्या औषधाचा अवलंब करण्याचे ठरविले. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेतून कॅनामायसिनची शिफारस काढून टाकली. त्यानंतर भारताच्या क्षयरोग कार्यक्रमानेही तोंडाने घ्यावयाच्या औषधांचा मार्ग स्वीकारला.

जेंटामायसिन आणि अमिकासिन ही औषधे मात्र गंभीर जंतुसंसर्गात आजही प्राण वाचवितात आणि प्रसंगी गरोदर स्त्रियांनाही थोडे दिवस द्यावी लागतात. अशा प्रत्येक स्त्रीला पहिल्या टोचणीच्या आधीच दोन गोष्टी सांगितल्या गेल्या पाहिजेत. कानात नवा आवाज येऊ लागला, ऐकणे मंदावले किंवा तोल जाऊ लागला तर तिने लगेच सांगावे, आणि तिने सांगितलेले तिच्या उपचारपत्रिकेवर तारखेसह लिहिले जाईल. या दुसऱ्या गोष्टीचा पाठपुरावा घरच्या माणसांनीही करावा.